तिसरा पेड

बाहेर.

किकुए देवळाच्या कमानीपाशी येऊन थांबली. पाठीवरचा पेंढ्याचा भारा बर्फावर उतरवला. कमानीखाली पाऊल टाकलं नाही. नवऱ्याचं सुतक अजून फिटलं नव्हतं; इथं ते पन्नास दिवसांचं.

आत.

कमानीलगतच्या देवदाराखाली दोन म्हातारे. तोकुजी आणि शिगेयोशी. वाडीत दोर वळणारे आता एवढेच. तिसरा इसाओ, किकुएचा नवरा, मागच्या महिन्यात गेला. देवळाच्या दारावर दर वर्षी नवा बांधायचा देवाचा दोर तीन पेडांचा, एका पेडाला एक माणूस. उद्या खालच्या गावाहून पुजारी येणार. देवळावर जुनाच दोर दिसला तर देव कायमचा खाली न्यायचा, असं ठरलेलं.

"वहिनी, भारा तिथंच ठेवा आणि घरी जा," तोकुजी म्हणाला. "आम्ही बघतो."

"काय बघता? दोघांत तीन पेड?"

"दोन पेडांचा करू," शिगेयोशी म्हणाला.

"त्यानं गाय बांधतात, भाऊजी."

शिगेयोशी हसला. तोकुजी नाही.

"सुतकातला हात देवाच्या दोराला लागायचा नाही."

बाहेर.

"हा भात यांनी कापला. हिरवा असताना, दोरासाठी. सावलीत वाळवला." तिनं भाऱ्याची गाठ सोडली. "मेलेल्याचा पेंढा चालतो. माझा हात चालत नाही?"

आत.

शिगेयोशीनं कमानीखालून हात घालून पेंढ्या आत ओढल्या, त्यांचे तीन पेड केले, टोकं एकत्र करून देवदाराला बांधली. पेड ओढत, मागे सरत कमानीतून बाहेर पडला आणि किकुएच्या शेजारी उभा राहिला.

"अरे, कुठं चाललास?"

"मला कुठं सुतक आहे? मी कुठंही उभा राहीन. तू ये. नाहीतर तिथंच बस, बांधायला गाय शोधत."

बाहेर.

तोकुजी पेंढ्याकडे बघत उठला. मग आला. खिशातून शुद्धीच्या मिठाची पुडी काढली.

"हात."

तिनं हात पुढे केले. त्यानं मीठ टाकलं. थोडं जास्तच.

"देवाच्या दोराला डावा पीळ. चुकलात तर सगळं उलगडायला लावीन."

"लावा."

आत. बाहेर.

अंधारायच्या आधी दोर पुरा झाला. म्हातारे आत गेले, झाडाला बांधलेलं टोक सोडवून खांद्यावर घेतलं, देवळाकडे चालू लागले. दोर कमानीखालून सरकू लागला.

अडकला.

"वहिनी, सोडा आता!"

किकुएनं टाचा बर्फात रोवल्या. शेवटचं टोक दोन्ही हातांत आवळून धरलं.

"थांबा. अजून एक पीळ."