डावीकडे

उत्तरेतल्या मराठी संस्थानाची पलटण मोडल्यावर घरी बसलेल्या वडिलांनी कान्होजीला बजावलं होतं, "आता राज्य हिंदीचं. कवायतीचा मास्तर व्हायचंय ना? मग मैदानावर मराठी बंद!" शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात हजीरा वस्तीतला, मराठी न कळणारा मोहरसिंह त्याच्याकडून हिंदी हुकूम घोटून घेई. चुकलं की हसून म्हणे, "फिर से, मास्टरजी." आज मोहरसिंह पाठमोरा झेंडी रोवत होता आणि कान्होजीने फेकलेला भाला वाऱ्याने भरकटून त्याच्या उजव्या खांद्याकडे निघाला. कान्होजी जिवाच्या आकांताने ओरडला, "डावीकडे! अरे, डावीकडे!" मोहरसिंहने वळूनही पाहिलं नाही. मित्राच्या आवाजाच्या भरवशावर त्याने झटकन उजवीकडे उडी मारली. मुरारच्या सरकारी इस्पितळातल्या शवागाराबाहेर मोहरसिंहच्या वडिलांनी कान्होजीचे हात धरले. "बेटा, लड़के कहते हैं, तूने दायें-दायें चिल्लाया था. दायें क्यों?" मैदानावर हरवलेला हिंदी शब्द आत्ता कुठे कान्होजीच्या तोंडी आला. "बायें, काका... बायें."