सातव्या क्वार्टेटचा शेवट

“बाबा, मलाही तुमचा तो संगीतकार ऐकायचाय. सुरुवात कुठून करू?” जावयाने विचारलं, आणि विचारताक्षणीच आपण मधमाश्यांच्या पोळ्यात हात घातल्याचं त्याच्या ध्यानात आलं.

जावई प्लंबर. सासऱ्याला कामावरून घरी जेवायला न्यायला आला होता. ‘त्यांच्या संगीतकाराबद्दल काहीतरी विचार, खूश होतील,’ असं बायकोने पढवून पाठवलं होतं. तीस वर्षांत घरातल्या कोणीही हा प्रश्न विचारला नव्हता.

सासरा रेडिओच्या संग्रहात जुन्या रेकॉर्डी कॉम्प्युटरवर उतरवायचा. उतरवलेली रेकॉर्ड खोक्यात, आणि खोकं मोडीत; ठेवायला जागा नव्हती. सोव्हिएत काळातल्या या संगीतकाराच्या रेकॉर्डी मुळात निघाल्या थोड्या, विकल्या गेल्या त्याहून थोड्या. त्यातल्या अडतीस इथे होत्या. दुसऱ्या कोणाच्या हाती पडू नयेत म्हणून सासऱ्याने त्या उतरवायचं काम भांडून मागून घेतलं होतं.

महिन्यापूर्वी कानाच्या डॉक्टरांनी त्याला तपासून सांगितलं होतं, की उंच, बारीक आवाज आता गेले. हे तो घरी बोलला नाही, ऑफिसात तर नाहीच. निवृत्तीनंतरही दरवर्षी करार वाढवून मिळत होता तो निव्वळ कानाच्या जोरावर. शिवाय डॉक्टरचंच चुकलं असणार, कारण व्हायोलिनचा सूर न सूर त्याला ऐकू येत होता. तरी हल्ली त्याला एका जागी बसवत नव्हतं.

“सुरुवात,” म्हणत तो उठलाच. मोडीत जायला दाराशी रचलेल्या खोक्यांपैकी एकाची चिकटपट्टी फाडून त्याने रेकॉर्ड काढली. “चौथी सिम्फनी घ्या.” ढोल-तुताऱ्यांचा दणदणाट सुरू झाला. मिनिटभरात त्याने सुई उचलली. “नको. हे सरकारला दाखवायला लिहिलंय. इथून सुरू केलेला माणूस परत फिरकत नाही.”

मग सिनेमाचं संगीत. तेही अर्ध्यावर बंद. “हे पोटासाठी केलेलं. आधी हे ऐकलंत तर त्याला हलका समजाल.” मग मुलांसाठी लिहिलेले पियानोचे तुकडे. त्यातले दीड झाले. सासरा खोक्यापासून प्लेअरपर्यंत येरझारा घालत होता, टेबलावर रेकॉर्डींचा ढीग वाढत होता. एक ना धड, भाराभर चिंध्या, असं जावयाच्या मनात आलं. भूकही लागली होती.

“बाबा, कोणतंतरी एक पूर्ण ऐकू या का?”

सासरा थबकला. “बरोबर आहे तुमचं. मग सातवं क्वार्टेट. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो, बस. शेवटचा भाग ऐका. इथे त्याला कोणाला काही दाखवायचं नव्हतं.”

चार वाद्यं हळूहळू बोलू लागली. जावयाने घड्याळ बघणं कधी सोडलं, त्याचं त्यालाही कळलं नाही. चेलो थांबला, मग व्हायोला, मग एक व्हायोलिन. उरलेलं एकटंच वर वर जात राहिलं. सासऱ्याने डोळे मिटले होते. थोड्या वेळाने ते उघडून त्याने सुई उचलली.

“हा त्याचा शेवट. आता कळलं?”

“पण संपलं नव्हतं,” जावई म्हणाला. “अजून वाजत होतं.”

“ती रेकॉर्डची खरखर.”

“खरखर वेगळी, बाबा. तिच्यामागे बारीक आवाज होता. कुठे नळ ठिबकत असला की भिंतीला कान लावल्यावर येतो तसा. माझं सगळं काम त्याच आवाजावर चालतं.”

सासऱ्याने सुई थोडी मागे नेऊन टेकवली. “ऐकू येतंय तोवर बोट वर ठेवा.”

जावयाने बोट वर धरलं. सासऱ्याच्या डोक्यातला सूर संपला, बोट वरच होतं. त्याने वाकून स्पीकरला कान लावला. खरखर. सुई पुढे सरकत होती आणि बोट अजून वर होतं. बऱ्याच वेळाने ते खाली आलं.

सूर सासऱ्याला पाठ होता. इतके दिवस तो डोक्यातला सूरच ऐकत आला होता. रेकॉर्ड उतरवताना कॉम्प्युटरच्या पडद्यावरची आवाजाची रेघ बघून शेवट कापणाऱ्यांना तो नवशिके म्हणायचा. स्वतः त्याने अडतीसच्या अडतीस कानाने कापल्या होत्या. “सगळ्यांचे शेवट मीच कापलेत,” तो पुटपुटला.

जावयाच्या सगळं लक्षात आलं. त्याने हलकेच दार लोटलं. “बाबा, एवढंसं टोक कापलं गेलं तर कोणाला कळणार आहे? मी कुठे बोलणार नाही. हिलासुद्धा नाही. चला जेवायला.”

सासऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. तो मनापासून बोलत होता. सासऱ्याने खुर्चीवरचा कोटही उचलला.

तेवढ्यात दार ढकलून शिपाई आत आला. “काका, ट्रक लागलाय खाली. खोकी उचलू ना?” आणि उत्तराची वाट न बघता तो पहिल्या खोक्याला हात घालायला वाकला.

सासरा कोटासकट त्या खोक्यावर बसला.

“अहो काका, ट्रकवाला ओरडतोय. साहेबांना काय सांगू?”

“सांग, मी बहिरा झालोय,” सासरा म्हणाला. “म्हणावं, या अडतीस पुन्हा उतरवायला कान असलेला माणूस बसवा.”