श्वास बाहेर येईना

"कामून थांबलीस?" प्रशांतकुमार सर ओरडले.

मैदानाची चौथी फेरी चालू होती. पंचशीला गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती. तिच्या छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. कबड्डीचा संघ परवा बिदरला जाणार होता आणि तिला त्यात जायचंच होतं.

"सर, श्वास आत जायलाय, पण भायेर येईना."

सर खो खो हसले. "ऐका! दमल्यावर माणसाला हवा कमी पडती, हिला जास्त झालीय. खोटं बोलायचं तर नीट तरी बोल!"

सगळ्या पोरी हसल्या. कुंपणाशी तिची आई शोभाबाई उभी होती. लेकीची नाटकं बघायला सरांनीच तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. औरादच्या बाजारात मांडलेली भाजी शेजारणीच्या हवाली करून ती आली होती. चारचौघांत लेक खोटी ठरली, तशी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पळवा तिला, सर. हाडं आमची, चमडी तुमची!"

पंचशीला पळाली. अर्ध्या फेरीतच खाली बसली. तिचे ओठ निळे पडले होते.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर दानेश्वरींनी तिला औषधाच्या वाफेचा मास्क लावला. तासाभराने जरा उतार पडला. तरी सरांची टकळी चालूच होती. शिकवणाऱ्याने कधी ऐकायचं नसतं, हे यांना कुणी शिकवलं कोण जाणे!

"मॅडम, नाटकं हैत हिची. म्हणती, श्वास भायेर येईना. असं कुठं असतंय?"

"दम्यात असंच असतंय!" डॉक्टर कडाडल्या. "पळालं की छातीतल्या नळ्या आवळतात. आतली हवा आतच कोंडती, नवी घ्यायला जागा राहत न्हाई. हे ती कधी म्हणाली? पडायच्या आधी, का पडल्यावर?"

सरांनी शोभाबाईकडे पाहिलं. ती खाटेपासून मागे सरकली. पुढचा प्रश्न ठरलेलाच होता, मग पळवा म्हणालं कोण?

पंचशीलाने मास्क बाजूला सारला. आईकडे पाहिलं.

"पडल्यावर," ती म्हणाली.

"व्हय व्हय, पडल्यावरच," सर लगेच म्हणाले.

पोरगी जन्मात पहिल्यांदा खोटं बोलली, आणि नेमकं तेवढंच सरांना पटलं.