बंद खोलीतला पुरावा

"अनु, जरा जपून लिहीत जा. आपल्याकडचे लोक सरकारी कागद वाचत नाहीत, पाळतात."

तहसीलीतून निवृत्त झालेल्या बाबांचं हे बोलणं अनघानं तेव्हा हसून उडवून लावलं होतं. "बाबा, आम्ही हरकत लिहितो, हुकूम नाही." पेटंटचे अर्ज तपासायची तिची नोकरी. दावा जिथं पोकळ दिसेल तिथं बोट ठेवायचं, एवढंच काम.

आज ती दिग्रसला, माहेरी, तापातून उठलेल्या लेकीला, नयनला, मांडीवर घेऊन लॅपटॉपवर सुनावणीला बसली होती. आणि पडद्यावरचा माणूस खिडकीच्या फटीत ओली माती दाबत होता.

हरिसिंग. बोरी अरबजवळच्या तांड्यावरचा. ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता त्यानं हायड्रोजनवर चालणारं इंजिन बांधलं होतं. असल्या इंजिनात थोडा गॅस झिरपतो, साचतो आणि ठिणगी पडली की भडकतो. तो झिरपलेला गॅस जाळीच्या एका डब्यातून फिरवायचा आणि त्याचं पाणी करून टाकायचं, हा हरिसिंगचा शोध. अनघानं हरकत काढली होती : बंदिस्त जागेत गॅस साचत नाही, याचा पुरावा जोडलेला नाही. तिला प्रयोगशाळेतले आकडे हवे होते.

"तुमी लिवलं तसंच केलं, मॅडम." हरिसिंगनं मातीचे हात धोतराला पुसले. "दार बंद, खिडकी बंद. मुंगी बी शिरनार नाही. मशीन कवाचीच चालू हाये, आयका!"

त्याच्यामागं शेतातल्या त्या स्लॅबच्या खोलीत इंजिन धडधडत होतं. आणि इंजिनाच्या शेजारी, कोनाड्यात, सेवालाल महाराजांच्या फोटोपुढं दिवा तेवत होता.

हायड्रोजनला वास नाही, रंग नाही. पेटला तरी दिवसाउजेडी त्याची ज्योतसुद्धा दिसत नाही. आणि याच्याकडे उघडा दिवा!

"हरिसिंगभाऊ, आधी तो दिवा विझवा! दार उघडा! घरात कोणी आहे का अजून?"

"सारे कापूस येचाले गेले. रुपीबाई तं म्हनते, बायकोकडं पाहाले तुमाले टाइम नाही, इंजिनाले मात्र लेकरावानी जपता." तो खळखळून हसला. "अन् दिवा कायले इझवू? नव्या मशीनपुढं दिवा लावाच लागते. तुमी मीटर पाहा नं."

त्यानं गॅस मोजायचं मीटर फोनपुढं धरलं. शून्य. तेच मीटर इंजिनापाशी नेलं, मग वर स्लॅबला टेकवलं. शून्य.

"गॅस असता तं मी अन् दिवा, दोघंबी कवाचेच वर गेलो असतो. काहून भेता?"

अनघानं रोखून धरलेला श्वास सोडला. खरंच की! दिवा तेवतो आहे, म्हणजे गॅस नाही. खेड्यातल्या या माणसानं जमवलं होतं. तिला हसूही आलं. हरकत मागे घ्यावी, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात हरिसिंगनं जांभई दिली. मग लगेच दुसरी.

"रातभर जागलो नं, झोप येऊन राह्यली," म्हणत तो पोत्यावर बसला. बसला कसला, टेकलाच.

लेकरू झोपलं की त्याच्या नाकापुढं बोट धरून बघणारी आई होती अनघा. ती जांभई तिला झोपेची वाटली नाही. तिची नजर कोनाड्याकडे गेली. दिव्यात तेल काठोकाठ होतं. तरी ज्योत बारीक झाली होती. वारा नव्हता, वारा यावा अशी एक फट त्यानं ठेवली नव्हती. ज्योत निळसर झाली, वातीवर टेकली आणि विझली.

इंजिन धडधडतच होतं.

तेव्हा अनघाला कळलं. गळती नव्हतीच. शोध खरा होता. पण ते इंजिन एवढा वेळ खोलीतल्या हवेतला प्राणवायू खात होतं. पेट्रोलचं असतं तर हवा कमी पडताच आचके देऊन बंद पडलं असतं, आवाज थांबला असता, कोणी तरी डोकावलं असतं. हायड्रोजनला जळायला फार थोडी हवा पुरते. दिव्याला पुरत नाही. माणसाला पुरत नाही.

"दार! हरिसिंगभाऊ, उठा, दार उघडा!"

"मीटर... शून्य हाये... मॅडम..." तो समाधानानं हसला आणि पडद्याच्या कडेतून खाली घसरला. मग नुसती भिंत दिसत राहिली.

नयन दचकून रडायला लागली. बाबा त्यांच्या फोनवर पोलिसांना सांगत होते. तिकडून शेत कोणतं, विचारत होते. अर्जावर पत्ता तांड्याचा होता, शेताचा नव्हता. हरिसिंगचा नंबर एकच, आणि तो त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून चालू होता. अनघानं लॅपटॉप तसाच ठेवला आणि मोबाईलवर सापडेल त्या प्रत्येक गटात लिहिलं :

'बोरी अरबच्या आसपास जे कोणी हे वाचत असाल ते आत्ता उठा. तांड्याजवळ शेतात स्लॅबची खोली आहे, खिडकी मातीनं लिंपलेली. आत हरिसिंग आहेत. दार फोडा, लगेच आत शिरू नका, आधी बाहेरची हवा आत जाऊ द्या, मग त्यांना बाहेर ओढा. आणि इंजिनाचा आवाज येतोय म्हणून माणूस बरा आहे, असं समजून बाहेरूनच परत जाऊ नका.'