गळती

बायको गेल्यापासून संभाजीराव खडकीच्या घरात एकटेच राहायचे. मुलानं, बुद्धभूषणनं, त्यांना घेऊन दिलेल्या गाडीच्या एसीतला गॅस मात्र दर महिन्याला संपायचा. मग रविवारी भूषण हिंजवडीहून गॅसचा कॅन आणि पाइप घेऊन यायचा आणि खाली पार्किंगमध्ये बॉनेट उघडून स्वतःच गॅस भरायचा.

"बाबा, हिला भोक पडलंय की काय!" तो वैतागायचा. संभाजीराव कॅन धरून उभे राहायचे. मग बापलेक सुकट-भाकरी खायचे आणि भूषण तिथंच सतरंजीवर घटकाभर झोपायचा.

या रविवारीही त्यांनी सुकट करून ठेवली. बेल वाजली, तर दारात अनोळखी मेकॅनिक.

"साहेबांना यायला जमत नाहीये, त्यांनी मला पाठवलंय."

त्यानं गाडी नीट तपासली, गॅस भरला आणि हात पुसत म्हणाला, "काका, गळती कुठंच सापडली नाही. पण टेन्शन घेऊ नका. यापुढे गॅस कमी झाला की थेट मला फोन करायचा, असं साहेबांनी सांगितलंय."

"जेवून जाता का?" संभाजीरावांनी विचारलं.

"नको काका, अजून दोन गाड्या बघायच्यात."

तो गेला.

.

.

ज्या स्क्रूड्रायव्हरनं ते दर महिन्याला गुपचूप एसीतला गॅस सोडून द्यायचे, तो संभाजीरावांनी हत्यारांच्या पेटीत अगदी तळाशी ठेवून दिला.