वाचून दाखवलेली कादंबरी

या मायबापहो, जवळ सरकून बसा, एका शिंप्याची गोष्ट सांगतो. डोळे गेले तरी त्याचं पुस्तकाचं वेड सुटलं नाही. त्याचा जिवलग न्हावी दुकान बंद करून रोज त्याला वाचून दाखवी. एकदा वाचनप्रेमींच्या बैठकीत शिंप्यानं आपली आवडती कादंबरी रंगवून सांगितली. "आणि शेवटी ती आजारी बायको बरी होऊन घरी येते हो!"

कुणीतरी हसलं. "काका, ती तर मरते."

शिंपी शेजारी बसलेल्या न्हाव्याच्या दिशेनं वळला. "गाढवा, मला फसवलंस?"

"तेव्हा वहिनी नुकत्याच गेल्या होत्या. माझ्या तोंडून ते पान निघेना."

शिंप्यानं हळूच विचारलं, "मग बाकीच्या पुस्तकांत कोण कोण मेलं रे?"

न्हावी बोटांवर मोजू लागला. मायबापहो, कुणाला वाचून दाखवाल, तेव्हा त्या शिंप्याची आठवण ठेवा.