पुढची जागा

आपल्या दुकानात वागिमिन म्हाताऱ्याने बॅडमिंटनच्या दोन्ही रॅकेटी आळीपाळीने तर्जनीवर आडव्या तोलल्या. पहिली मुठीच्या टोकापासून दोनशे पंच्याऐंशी मिलिमीटरवर स्थिर झाली, दुसरी तीनशे दोनवर. दोन्हीकडे त्याने खडूची बारीक खूण केली.

"सतरा मिलिमीटरचा फरक," तो म्हणाला. "पण हातात घेतल्यावर दोन वेगळे खेळ."

रुमियातीने पहिली उचलली. "जुनीसारखीच द्या, म्बाह. हलक्या डोक्याची."

गल्लीतली लहानथोर सगळी त्याला म्बाह, म्हणजे आजोबाच, म्हणत.

"जुनी पुढं खेळणारीची होती. नेटपाशी मनगट झटकलं की झालं. आता तुझा जोडीदार जुवादी. पोस्टात शिक्के मारतो तेवढ्या जोराने त्याने स्मॅश मारला असता तरी मी काही बोललो नसतो. त्याने मारलेलं शटलचं फूल येईपर्यंत पलीकडची माणसं चहा पिऊन परततात."

"माणूस चांगला आहे."

"चांगलाच आहे. म्हणून त्याला पुढं ठेव आणि तू मागं जा. मागच्याला जड डोकं लागतं."

जावातल्या सालातिगाच्या त्या गल्लीत हे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. सतरा ऑगस्टच्या, स्वातंत्र्यदिनाच्या सामन्यांना नऊ दिवस उरले होते. नवरा हर्तोयो गेल्याच्या शंभराव्या दिवसाचा भात रुमियातीने गेल्याच आठवड्यात घरोघर पोचवला होता. नवऱ्यामागे तिने खेळ सोडू नये असं बायकांनीच तिला सांगितलं होतं. ती हो म्हणाली होती. कुठे उभी राहणार, ते मात्र बोलली नव्हती.

"बोलून कळणार नाही," वागिमिन म्हणाला. "चल, खेळून दाखव."

दुकानाच्या बाजूच्या बोळात नेटऐवजी दोन बांबूंना दोरी बांधलेली होती. तो पलीकडे गेला, ती अलीकडे, हलकी रॅकेट घेऊन. त्याने फुलं खालून, सपाट, वेगात दिली. तिने एकही जमिनीला लागू दिलं नाही. दोरीवरून फूल डोकावलं की तिचं मनगट तिथे असायचं.

मग त्याने एक उंच दिलं, तिच्या डोक्यावरून.

ती मागे सरकली नाही. गुडघे वाकवले, मान आत घेतली, रॅकेट समोर धरली आणि नजर दोरीवर ठेवली. फूल तिच्यावरून गेलं आणि मागे पडलं. त्याने दुसरं दिलं. तिसरं, चौथं. चारही वेळा तिने मान आत घेतली.

"ते घ्यायचं होतं, पोरी."

"ते माझं नव्हतं."

जोडीत पुढच्याने खाली वाकायचं आणि मागे वळून पाहायचं नाही, नाहीतर आपल्याच माणसाचा स्मॅश डोळ्यात बसतो. गल्लीतल्या तीन पिढ्यांना हे वागिमिननेच शिकवलं होतं, वेळप्रसंगी टपल्या मारून. एप्रिलमधल्या त्या सामन्यात पंचाच्या उंच खुर्चीतही तोच होता. फूल उंच गेलं, रुमियाती वाकली, आणि मागून हर्तोयोचा स्मॅश आला नाही. फूल पडलं. त्यानंतर आणखी काहीतरी जड पडलं. सगळा हॉल धावला तरी ती तशीच वाकून उभी होती, नजर समोर, स्मॅशची वाट बघत. वागिमिनने खुर्चीवरून उतरून तिच्या खांद्याला हात लावला, तेव्हा तिच्या हातातली रॅकेट सुटली. त्या जुन्या रॅकेटीची चौकट तडकली ती तेव्हाच.

"आता ही घे," त्याने दोरीवरून जड रॅकेट पुढे केली. "आणि चार पावलं मागं जा."

ती गेली. त्याने उंच फूल दिलं. तिने खांदा वळवला, हात वर गेला आणि बोळात फटाक्यासारखा आवाज झाला. फूल वागिमिनच्या पायाशी आपटलं. दुसरं त्याच्या कानाजवळून गेलं. शेजारच्या भिंतीवरची कोंबडी पंख झाडत उडाली.

"हे बघ," म्हातारा खुश झाला. "हा हात पंधरा वर्षं दोरीपाशी वाया घालवलास. जुवादीला सांग, पुढं उभा राहून नुसती शोभा वाढव. आपण फायनल खेळतोय."

रुमियातीने जड रॅकेट एकदा निरखून पाहिली, ओढणीच्या टोकाने तिची मूठ पुसली आणि दोरीवरून त्याला परत दिली.

"छान आहे. पण मला हलकीच द्या."

"हरशील."

"हरेन."

"पोरी, ऐक माझं. तू पुढं राहिलीस तरी मागं जुवादीच असणार."

"असेल," ती म्हणाली. "मागं कोण आहे ते मला कुठं दिसतं, म्बाह? वळायचं नाही, तुम्हीच तर शिकवलंत."

वागिमिनने जड रॅकेट भिंतीला टेकवून ठेवली.

"नव्या गटिंगच्या तारा किती पौंडांवर ताणू?"

"चोवीस. नेहमीसारखं."

ती पुन्हा दोरीपाशी येऊन उभी राहिली, हलकी रॅकेट समोर धरून, हात बसवून बघत. चार फुलं तिच्या पाठीमागे बोळाच्या अगदी टोकाला पडली होती. ती गोळा करायला म्हातारा दोरीखालून वाकून अलीकडे आला. मधूनच सरळ निघाला, दोन पावलांवर थांबला, आणि मग, सामना चालू असताना माणसं कोर्टाला वळसा घालतात तसा, तिच्या मागची जागा सोडून, भिंतीला खांदा घासत कडेकडेने गेला.